पाण्याखालचे तीन ठोके

१

“तीन ठोके ऐकू आले की वर यायचं. गाणं चालू असो, मी ओरडत असो, नाहीतर जग बुडत असो. आधी वर, मग का ते विचारायचं.”

हा आवाज डॉक्टरने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती डॉक्टर नव्हती. दुधाचे दात पडायच्या वयाची, तलावाच्या काठाला घोरपडीसारखी चिकटून बसलेली एक भित्री पोर होती. आवाज होता बाईंचा. बाई म्हणजे पाण्यातला नाच शिकवणाऱ्या प्रशिक्षक. त्यांना दुसरं काही नाव असेल हे कुणा मुलीच्या मनातही कधी आलं नाही. हातात पोलादी कांब घेऊन त्या काठावर उकिडव्या बसायच्या आणि पाण्यात उतरलेल्या शिडीच्या दांड्यावर ताल धरायच्या. पाण्याखाली माणसाचा आवाज विरून जातो, पोलादाचा जात नाही. सुटा ठोका म्हणजे ताल. लागोपाठ तीन म्हणजे सगळं सोडून वर. फार मागे एक मुलगी त्यांच्यादेखत पाण्याखाली निजल्यासारखी शांत झाली होती. ती वाचली, आणि बाईंनी हा नेम घालून दिला. मुलींच्या हाडांत तो असा मुरला की एकदा आईने डाव पातेल्यावर तीनदा आपटला, तर डॉक्टर भरल्या ताटावरून ताडकन उठून उभी राहिली होती.

त्याच तीन ठोक्यांनी आता देशाची जागा घालवली होती.

ऑलिंपिकमध्ये कलात्मक जलतरणाच्या संघांना जागा मोजक्याच. खंडाखंडाचा विजेता संघ सरळ आत जातो. ज्यांचं तिथे हुकलं त्यांच्यासाठी पुढची विश्वस्पर्धा असते. तिथे तिन्ही नाचांचे गुण एकत्र मोजून उरलेल्या जागा भरतात. तीन नाच म्हणजे एक ठरवून दिलेल्या प्रकारांचा, एक कसरतीचा आणि एक मोकळा. खंडाच्या स्पर्धेत बाईंच्या आठ मुली पहिल्या दोन नाचांअखेर सगळ्यांच्या पुढे होत्या. मोकळा नाच तेवढा धड पार पडायचा होता.

त्या नाचाच्या ऐन मध्यावर आठही जणी पाण्यात उलट्या झाल्या, पायांची जोडी जोडीशी जुळून कमळाच्या देठांसारखी वर आली, आणि त्याच क्षणी सात जणी भसाभस डोकी वर काढून मोकळ्या झाल्या. खोकत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. गाणं आपलं चालूच. एकीचे पाय मात्र तसेच वर राहिले, एकटे. मग तेही सावकाश पाण्यात उतरले आणि शेजारणीने तिला काखेत धरून वर आणलं.

कुठला प्रकार कधी करणार हे संघाने आधी कळवलेलं असतं. कळवलेलं घडलं नाही की त्याचे गुण हातचे गेले. जागा दुसऱ्या देशाला मिळाली.

सातही मुलींनी एकच सांगितलं: पाण्याखाली तीन ठोके ऐकले. आणि ते कुणी मारले याचं उत्तर तलावावर ज्याच्या त्याच्या ओठांवर तयार होतं.

नववीने.

२

जलतरण संघटनेच्या सचिवांच्या खोलीत करंडकांना जागा होती, हवेला नव्हती. सचिव बोलायला मऊ, शब्दावर साय धरावी असे. त्यांनी डॉक्टरपुढे खुर्ची सरकवली आणि सगळं प्रकरण अगदी घडी घालून तिच्या हाती दिलं.

नववी म्हणजे संघातली राखीव मुलगी. आठ जणी पोहणार, नववी काठावर बसणार. स्पर्धेच्या दिवशी ती डाव्या हाताच्या शिडीजवळ बसली होती. बाईंची कांब तिच्याच पिशवीत सापडली. पाण्यातून आलेल्या साऱ्याजणी सांगत होत्या की ठोके डावीकडून आले. शिवाय तिचं नाव आठात यायचं ते ऐनवेळी मागे पडलं होतं, त्यामुळे मनात आढी असणारच. चित्रणात काठ दिसत नव्हता. कॅमेऱ्याला पाय हवे असतात, काठाशी त्याला काय करायचंय.

विश्वस्पर्धेचं दार अजून उघडं होतं. संघाचं नाव संध्याकाळच्या आत जायला हवं होतं. पण वरच्या समितीने अट घातली होती: आधी घातपात कुणी केला ते ठरवा, मग संघ पाठवा. नववीने माफी मागितली तर शिक्षा थोडकी. नाही मागितली तर कायमची बंदी, पुन्हा कुठल्याही संघातून पाण्यात पाऊल नाही.

“आणि मागत नाही म्हणते?” डॉक्टरने विचारलं.

“मागत तर नाहीच, वर आमच्याकडे असं बघते की जणू आम्हीच तिची माफी मागायला जमलोय.”

डॉक्टरला चौकशीला बोलावलं होतं त्याला कारणं होती. ती एके काळी याच संघात पोहली होती. शहरात कानांची डॉक्टर म्हणून तिचं नाव होतं. आणि सचिवांच्या अंदाजाने ती बाईंच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. हे शेवटचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. खुर्ची सरकवण्यातच ते आलं होतं.

“आणि तिने केलंच नसेल तर?”

“मग कुणी केलं, डॉक्टर? पाण्याने?”

३

नववी न्हाणीघरात होती. गरम पाण्याच्या नळाखाली बसून ती ब्रशांवरचं वाळलेलं जिलेटिन खरवडत होती. नाचाआधी मुलींच्या केसांवर ते गरम गरम चोपडतात, म्हणजे पाण्यात बटसुद्धा हलत नाही. आठ जणींच्या केसांवर चोपडायचं काम नववीचं, ब्रश धुवायचं कामही नववीचं. तिचे स्वतःचे केस मोकळे होते.

“तुम्ही पण विचारणार, कांब माझ्या पिशवीत काय करत होती,” ती मान वर न करता म्हणाली.

“नाही विचारणार. माझ्या वेळी पण राखीवच्याच पिशवीत असायची.”

खरवडणारा हात थांबला. ही पोर कुणाला आवडण्यासाठी जन्माला आलेली नाही, हे डॉक्टरला तिच्या खांद्यांवरूनच कळलं. हळूहळू ती बोलती झाली. सचिव रोज बोलावून समजावत होते. आठजणींपैकी काहींनी बोलणं टाकलं. घरी आजोबा म्हणाले, मागून टाक माफी, जिभेला काय हाड असतं का. ती आजोबांना म्हणाली, हाड नाही म्हणूनच जपून वळवायची. त्यावर आजोबा हसले आणि मग रडले.

“तू ठोकलंस का?”

“नाही.”

“कुणी ठोकलं ते तुला ठाऊक आहे?”

नववीने नळ बंद केला. न्हाणीघर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

“ताई, ज्याने कुणी ठोकलं त्याने बरोबर केलं. कांब माझ्या हातात असती तर मीही ठोकलं असतं. पण मी ठोकलं नाही, आणि न केलेल्याची माफी मी मागणार नाही. टाका बंदी. नदीला तर बंदी घालता येणार नाही ना तुम्हाला?”

“बरोबर केलं म्हणजे?”

“त्याच्यापुढे माझ्याकडून काही वदवून घेऊ नका. ते ज्यांचं आहे त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला. तेवढ्यासाठीच थांबलेय.”

तिने पुन्हा ब्रश उचलला. डॉक्टर दारातच उभी राहिली. ज्या ठोक्यांनी देशाची जागा घालवली ते बरोबर कसे असतील?

४

बाई प्रेक्षागृहाखालच्या लांबट खोलीत मुलींकडून कोरडा सराव करून घेत होत्या. कोरड्या सरावात मुली चटईवर उभ्या राहतात आणि पायांचं काम हातांनी करून दाखवतात. वर उचललेला तळहात म्हणजे पाण्यातून वर आलेलं पाऊल. बघणाऱ्याला वाटावं, एखादं शेत वाऱ्यावर डोलतंय. बाई तोंडाने मात्रा मोजत होत्या. त्यांचा हात दर फेरीला छातीशी जायचा, काहीतरी चाचपायचा आणि रिकामाच परत यायचा. मग त्या खिशातून फोन काढून वेळ बघायच्या, भिंग नसलेल्या माणसाने पोथी वाचावी तशा डोळे बारीक करून.

त्यांच्या गळ्याभोवती एक फिकट पट्टा होता, जिथे इतकी वर्षं मात्रा मोजायच्या घड्याळाची दोरी असायची.

“घड्याळ कुठंय बाई?” डॉक्टरने सहज विचारलं.

“दुरुस्तीला टाकलंय.”

ते पोलादी घड्याळ, मुठीत मावणारं, बाईंनी कधी कुणा कारागिराच्या हाती दिलं नव्हतं. बंद पडलं की केसातल्या आकड्याने स्वतःच उघडून बसायच्या.

बाईंना काय विचारायचं होतं ते डॉक्टरने विचारलं. त्या दिवशी त्या उजव्या हाताच्या शिडीजवळ बसल्या होत्या. त्यांना ठोके ऐकू आले नाहीत, वर गाण्याचा गोंगाट होता. पोरी सांगतात डावीकडून आले, तर डावीकडूनच आले असतील.

“तू बारीक कशाला एवढी झालीस?” त्या मध्येच म्हणाल्या. “दवाखान्यात जेवायला देत नाहीत?”

ह्याच बाईने डॉक्टरला काठावरून सोडवून पाण्यात नेलं होतं. तेव्हा शब्द दिला होता, मी आहे ना. आणि त्या खरोखरच होत्या.

मुलींशी ती एकेकीला बाजूला घेऊन बोलली. सगळ्यात धाकटी आणि हलकी चिमणी. तिला बाकीच्या पाण्यातून वर फेकतात, म्हणून ती स्वतःला संघाचा चेंडू म्हणवून घेते. चिमणीला बोलायला सांगावं लागत नव्हतं, थांबायला सांगावं लागत होतं. दोन ठोके खणखणीत आले, म्हणाली, तिसरा फुटका. मडक्याला तडा गेल्यावर वाजतं ना, तसा. आणि डावीकडून आले.

“तुला पाण्यातच कळलं, डावीकडून म्हणून?”

“पाण्यात काय कळतंय ताई, पाण्यात नुसतं वर यायचं कळलं. पण वर आल्यावर बाईंनी विचारलं ना, डावीकडून आला ना गं आवाज? मग सगळ्यांनाच आठवलं.”

डॉक्टरने हे मनात एका बाजूला ठेवून दिलं, निखारा ठेवावा तसं.

बाकीच्या सहाजणींनीही तेच सांगितलं. दोन खणखणीत, एक फुटका. डावीकडून.

शेवटी बगळी आली. संघाची कप्तान, लांब पायांची, म्हणून बगळी. जिचे पाय एकटे वर राहिले होते तीच. त्या दिवसापासून तिचं कौतुक चाललं होतं. बाकीच्या फसल्या, ही फसली नाही. ठोके आले तरी ही जागची हलली नाही, असा करारीपणा हवा, म्हणत होते सगळे. सचिव तर प्रत्येक पाहुण्याला तिची गोष्ट सांगत.

“ऐकलेस ठोके?”

“ऐकले.”

“मग वर का नाही आलीस?”

“ठरवलं, नाही यायचं म्हणून. जागा जाईल ना.”

“ठोके कसे होते?”

बगळीने खिडकीबाहेर पाहिलं. “खणखणीत. तिन्ही.”

५

उन्हं कलायच्या आधी डॉक्टरने सगळ्यांना सरावाच्या तलावावर बोलावलं. सचिव चकचकीत बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आले आणि प्रत्येक पावलाला खसखसत चालले. बाई काठावर उभ्या राहिल्या, हात पाठीशी बांधून. नववी बाकावर बसली, सगळ्यांपासून दूर. चिमणीने तिच्याकडे बघून मान खाली घातली.

आठही जणींना डॉक्टरने उथळ बाजूला, छातीभर पाण्यात उभं केलं आणि बगळीला अगदी आपल्या हाताशी ठेवून स्वतःही कपड्यांनिशी पाण्यात उतरली. खेळ सोपा आहे, म्हणाली. डोळे मिटा, डोकं पाण्याखाली घाला. एक ठोका ऐकू येईल. तो जिकडून आला असं वाटेल तिकडे हात वर करून दाखवा, आणि वर या.

“सचिवसाहेब, तेवढं एक काम करा. कुठल्याही शिडीवर किल्ल्या एकदा आपटा. कुठली ते तुम्हीच ठरवा.”

सचिवांनी इकडेतिकडे पाहिलं, जवळच्या शिडीशी खसखसत गेले आणि किल्ल्यांचा जुडगा दांड्यावर ठेवून दिला. त्याला आपटणं म्हणता आलं नसतं, पण पोलादाला तेवढं पुरलं.

पाण्यातून हात वर आले. एक सचिवांकडे, एक बाकाकडे, एक पार पलीकडच्या भिंतीकडे. दोन एकमेकींकडे. चिमणीचा हात सरळ आकाशाकडे.

सचिव म्हणाले, मुलींनी नीट ऐकलं नसेल. डॉक्टरने त्यांना पुन्हा ठोकायला लावलं, मग दुसऱ्या शिडीवर. दर वेळी हातांचं असंच रान माजलं. शेवटी मुली वर येऊन स्वतःचेच हात बघून खुदखुदू लागल्या.

“जमिनीवर आवाज एका कानाला जरा आधी पोचतो, दुसऱ्याला जरा मागाहून,” डॉक्टर म्हणाली. “त्या जराशा फरकावरून आपल्याला दिशा कळते. पाण्यात आवाज एवढा वेगाने धावतो की दोन्ही कानांना एकदमच गाठतो, कवटीतूनच आत शिरतो. पाण्याखाली आवाज सगळीकडून येतो. कुणाला डावं कळत नाही, उजवं कळत नाही. माझं रोजचं काम आहे हे, आणि तरी आज तुमच्याकडून ऐकेपर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं की हे विचारावं.”

“पण साऱ्याजणी डावीकडून म्हणतात,” सचिव म्हणाले.

“म्हणूनच. पाण्यात कुणालाच कळलं नसणार, तर मग सगळ्यांना तीच दिशा कुणी दिली?”

पाणी काठाला चाटत राहिलं. बाईंनी हात पाठीवरून सोडले आणि पुन्हा बांधले.

“आता शेवटचं,” डॉक्टर मुलींना म्हणाली. “पुन्हा एकच ठोका. हात दाखवा, पण मी खांद्याला हात लावेपर्यंत कुणी वर यायचं नाही. काहीही झालं तरी.”

डोकी पाण्याखाली गेली. डॉक्टरने सचिवांना नजरेने थांबवलं, आपल्या बोटातली अंगठी शेजारच्या शिडीच्या दांड्यावर टेकवली, आणि ठोकलं.

तीनदा.

तिसरा ठोका पुरता पडायच्या आत आठही डोकी पाण्याबाहेर आली. नाकावरचे चिमटे सुटले, केस चेहऱ्यावर, श्वास मोठे. आणि सगळ्यात आधी, सगळ्यांच्या कितीतरी आधी, वर आली होती ती बगळी.

६

बगळीला ते कळायला एक क्षण लागला. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

डॉक्टरने तिच्या पाठीवर हात ठेवला. “येणारच तू वर. बाईंच्या हाताखाली वाढलेली मुलगी तीन ठोक्यांना खाली राहूच शकत नाही. ठरवून नाही, बजावून नाही. ठरवायला वेळच मिळत नाही, अंग आधी उठतं. त्या दिवशी तू राहिलीस, कारण तू ऐकलंच नाहीस. तिसरा ठोका फुटका होता हे तुला म्हणूनच ठाऊक नाही. तू शुद्धीत नव्हतीस.”

चिमणीच्या तोंडून फक्त हं निघालं. शेजारणीने, जिने बगळीला काखेत धरून वर आणलं होतं, तिने कबूल केलं की अंग तेव्हा ओल्या कपड्यासारखं लागलं होतं. पण वर आल्याबरोबर बगळी खोकली, डोळे उघडले, आणि कुणाला काही सांगू नकोस म्हणाली.

डॉक्टर पाण्याबाहेर आली. ओल्या कपड्यांतून पाणी टपटपत होतं. आता पुढचं बोलायचं होतं आणि ते तिला बोलवत नव्हतं. बोलली तेव्हा ती पाण्याकडे बघत बोलली.

म्हणजे घातपात झालाच नव्हता. कुणीतरी एक मुलगी बुडताना पाहिली आणि तिला वर काढायचा तेवढा एकच उपाय हाताशी होता तो केला. सातजणी वर आल्या नसत्या तर शेजारणीचा हात बगळीला लागला नसता, आणि पाय पाण्यात गेले ते नाचाचाच भाग समजून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तर मग ठोकणारा माणूस कसा? त्याला हा नेम ठाऊक होता. चवडा सैल पडला एवढ्यावरून त्याला मुलगी खाली गेली हे कळत होतं. आणि त्या झगमगाटात तो एकट्या बगळीकडेच बघत होता, कारण असं काही होईल ही भीती त्याला आधीपासून होती. म्हणजे हे पहिल्यांदा घडत नव्हतं. त्याने कांबेने ठोकलं नाही. कांब तिसऱ्या ठोक्याला फुटत नाही. काच फुटते. आणि मुली वर आल्यावर त्याने त्यांच्या हाती एक दिशा दिली, म्हणजे त्या दुसरीकडे बघणार नाहीत.

“बाई,” ती म्हणाली, “घड्याळ दाखवता?”

बाईंचा हात छातीशी गेला आणि तिथेच राहिला.

सगळ्यांत आधी सचिव भानावर आले. त्यांनी डॉक्टरला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण पिशव्या घातलेले पाय ओल्या फरशीवर सटकायला लागले, तेव्हा जागेवरूनच बोलले. आवाजावरची साय अजून तशीच होती. मुलगी आजारी आहे हे माहीत असून तिला पोहायला लावलं असं वर कळलं, तर प्रशिक्षक जाईलच, पण संघही जाईल. विश्वस्पर्धेचं नाव विसरा. अजून वेळ आहे. राखीव मुलीने दोन ओळींची माफी मागावी, बाकी आपण सांभाळून घेऊ. एकीने जरा सोसलं तर आठ जणी जातात, विचार करा.

चिमणी काठाला हात टेकून बाहेर आली. पाण्याचा ओघळ मागे ठेवत बाकापाशी गेली आणि नववीच्या शेजारी बसली. तिच्यामागोमाग ती शेजारीण. मग एकेक करत साऱ्या. बाक पुरेना, तेव्हा दोघी जमिनीवर बसल्या. बगळी शेवटी आली. नववीसमोर उभी राहून तिला काही बोलायचं होतं, ते जमलं नाही, तेव्हा तिने नववीच्या मांडीवरचा टॉवेल उचलून स्वतःच्या तोंडाला लावला.

“आम्हीही नाही जात मग,” चिमणी सचिवांना म्हणाली. “आठ पाठवायच्यात ना, शोधा आठ.”

“पोरींनो, हा हट्ट आहे.”

“हो, हट्टच आहे,” नववी म्हणाली. “पण तुमच्याशी नाही.” ती उठली. इतका वेळ तिने बाईंकडे पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. “मी डावीकडे बसले होते बाई. समोर तुम्ही. माझे डोळे चांगले आहेत. त्याच दिवशी बोलले असते तर कुणी म्हटलं असतं, स्वतःवरचं दुसऱ्यावर ढकलते. आणि तुमचा हात ज्या घाईने गेला ना, त्याला मी आत्ता इथेसुद्धा चूक म्हणणार नाही. पण मी माफी मागत नाही म्हणून रोज मला बोलावत होते, आणि तुम्ही रोज तिथे बसून असायचात. मी एवढं सगळं फक्त तुमच्याकडून ऐकायला सोसलंय. ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तुम्हीच शिकवलंय, आधी वर यायचं.”

बाईंनी खिशात हात घातला आणि घड्याळ बाहेर काढलं. काचेला तडा गेला होता आणि काटे एकमेकांत अडकून थांबले होते. ते त्यांनी डॉक्टरच्या हातात दिलं, एखादं लहान मूल द्यावं तसं.

“संघाचं नाव आजच जाऊ दे,” त्या सचिवांना म्हणाल्या. आवाज तोच होता, पाण्याखालून पोचणारा. “पोहल्या त्या पोरी, पाप माझं. वर कळवताना त्यात माझं नाव मोठ्याने सांगा, आणि कुणी दार लावायला आलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. ठोकलं मी. त्याची मला लाज नाही. ऑलिंपिक समोर असतं तरी ठोकलं असतं. हिला सरावात याआधीही असंच झालं होतं. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि गप्प बस म्हटलं, कारण असे पाय माझ्याकडे दुसरे नव्हते. त्याची शिक्षा द्या, मी घेईन, मान वर करून घेईन.”

मग त्या बाकाकडे वळल्या. आठ मुलींवरून त्यांची नजर पुढे गेली आणि नववीवर थांबली. मान मात्र खाली गेली, आणि जे बोलल्या ते इतकं हळू की सगळ्यांना श्वास धरून ऐकावं लागलं.

“पोरी वर आल्या, हिने डोळे उघडले, तेव्हा मला वाटलं, आता विचारतील कुणी ठोकलं. एवढं झालं की सगळं बाहेर येणार. म्हणून मी विचारलं, डावीकडून आला ना आवाज? घाबरून विचारलं, चुकून तोंडातून गेलं, असं मी स्वतःला रोज सांगत आले. ते खोटं आहे. डावीकडे तू बसली आहेस हे मला माहीत होतं. आधी मी तुला पाहिलं, आणि मग विचारलं.”